टब काढून काचेचं शॉवर बसवताना: हॉटेलच्या नूतनीकरणात आधी काय ठरवायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातलं एक जुनं, चांगल्या नावाचं हॉटेल एकेक मजला बंद ठेवून नव्यानं करायला घेतलंय. प्रत्येक खोलीतला टब काढून तिथे मापाप्रमाणे केलेलं काचेचं शॉवर एन्क्लोजर बसवायचंय. कॉन्ट्रॅक्टरचं म्हणणं असं की आर्किटेक्टच्या ड्रॉइंगवरून सगळ्या काचा एकदम मागवू, दर चांगला बसेल, वेळ वाचेल. तर तसं करावं का? काच ८ एमएम घ्यावी, १० की १२? आणि टफन्ड काच आपोआप फुटते म्हणतात, त्यात तथ्य किती?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट देतो. ड्रॉइंगवरून सगळ्या काचा मागवू नका. बाकीचं उत्तर लांबलचक आहे, पण एवढं आजच कॉन्ट्रॅक्टरला कळवून टाका.

टफन्ड काच आधी मापात कापतात, कडा घासतात, बिजागरीच्या खाचा आणि भोकं पाडतात आणि मग ती भट्टीत जाते. तिथे साधारण ६२० ते ६५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून हवेच्या झोतानं झटक्यात थंड करतात. बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला मागाहून आक्रसतो आणि बाहेरच्याला ओढून धरतो. हा कायमचा दाब म्हणजेच तिची ताकद, साध्या काचेच्या चौपट-पाचपट. पण एकदा भट्टीतून आली की तिला कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, कडेचे दोन एमएम घासूनही काढता येत नाहीत. भिंत सहा एमएम कललेली निघाली तर ती काच गेली भंगारात.

आणि जुन्या हॉटेलात भिंत कललेली निघतेच. ड्रॉइंगवर ‘टिपिकल बाथरूम’ असं एकदाच काढलेलं असतं, प्रत्यक्षात मात्र एकाखाली एक असलेल्या दोन बाथरूमची रुंदीसुद्धा एकसारखी भरत नाही. मूळ वीटकाम वेगवेगळ्या मिस्त्र्यांनी केलेलं, त्यावर कुठे वीस एमएम प्लास्टर तर कुठे तीस, मध्ये कधीतरी जुन्या टाइलवरच नवी टाइल चिकटवलेली. ते सगळं खरवडून काढल्यावर जी भिंत हाती लागते तिचा ड्रॉइंगशी संबंध फक्त नावापुरता असतो.

म्हणून क्रम असा ठेवा: टाइल पूर्ण, सांधे भरून झालेल्या, उंबरठ्याची पट्टी बसलेली, आणि मगच माप. रुंदी तीन ठिकाणी घ्यायची, खाली, मध्ये आणि वर. दोन्ही भिंतींना ओळंबा लावायचा किंवा लेझर मारायचा आणि भिंत कुठल्या बाजूला किती गेली ते एमएममध्ये लिहायचं. कोपरा गुण्यात (काटकोनात) आहे का ते पाहायचं. हे सगळं खोली क्रमांकासह एका कार्डावर. आणि सगळ्या मजल्यांची मापं एकाच माणसानं घ्यायची, कारण टेप धरण्याची प्रत्येकाची सवय वेगळी असते. माप दिल्यापासून काच साइटवर यायला आठवडा-दहा दिवस धरा आणि ते मजल्याच्या वेळापत्रकात आधीच लिहून ठेवा. ते लिहिलेलं नसतं तिथेच शेवटी घाई होते आणि कोणीतरी ड्रॉइंग बाहेर काढतो.

आता कॉन्ट्रॅक्टरची बाजू. एकदम खरेदी केली तर दर चांगला मिळतो हे त्याचं म्हणणं खोटं नाही. बिजागऱ्या, हँडल, वरचे सपोर्ट बार, सील हे सगळं आजच एकगठ्ठा मागवा, म्हणजे फिनिशची छटासुद्धा सगळीकडे एकच येईल. काचेचा कच्चा माल प्रोसेसरकडे (काच कापून टफन करणाऱ्या कारखान्याकडे) एकदम बुक करून दर बांधून घ्या. भट्टीत जाणारं माप तेवढं खोलीनुसार द्या. याशिवाय दाराची काच आधी मागवता येईल अशी एक सोय आहे, ती पुढे सांगतो.

काच सगळ्यात शेवटी बसते, पण तिचा विचार मात्र तोडफोड सुरू व्हायच्या आधी झाला पाहिजे. टाइल लागल्यावर काचवाल्याला बोलावणं म्हणजे आधी कळस मग पाया. गळती, दार न लागणं, बिजागरी सैल होणं या बहुतेक तक्रारी काचेच्या नावावर येतात, पण त्यांचं मूळ भिंतीत आणि फरशीत असतं.

सुरुवात टबखालच्या जागेपासून करा. जुन्या हॉटेलांत टबच्या भागात स्लॅब खाली घेतलेला असतो आणि वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला असतो. वर्षानुवर्षं टबच्या कडेनं झिरपलेलं पाणी त्या कोब्यात साठलेलं असतं. टब उचलला की ओलसर, काळपट भरणी दिसते आणि कुबट वास येतो. काही जण वरवर साफ करून त्यावरच नवीन वॉटरप्रूफिंग मारायला सांगतात. तसं करू देऊ नका. पूर्ण भरणी काढा, स्लॅब कोरडा होऊ द्या, जुने बिडाचे पाइप असतील तर याच वेळी बदला. टबचं पाणी एका कोपऱ्यातल्या ट्रॅपमध्ये जात होतं, शॉवरला नहाणी ट्रॅप दुसरीकडे लागेल किंवा भिंतीलगत लांब चॅनेल (जाळीची नाली) लागेल. ट्रॅपची जागा हलली की पाइपाचा उतार बदलतो, आणि त्यासाठी आरसीसी स्लॅब खोदणं हा पर्याय नाही. हे गणित प्लंबर, वॉटरप्रूफिंगवाला आणि काचवाला या तिघांनी एकत्र उभं राहून करायचं असतं.

रेन शॉवर लावणार असाल तर आणखी एक गोष्ट. मोठा रेन शॉवर मिनिटाला पंधरा-वीस लिटर पाणी सहज टाकतो. ट्रॅपनं तेवढं ओढलं नाही तर पाणी घोट्यापर्यंत नाही आलं तरी उंबरठ्याच्या पट्टीपर्यंत येतं आणि दाराखालून बाहेर जातं. मग खोलीतून तक्रार येते ती काच गळते म्हणून.

वॉटरप्रूफिंग झाल्यावर पाणी भरून किमान ४८ तास ठेवा आणि खालच्या खोलीचं फॉल्स सीलिंग उघडून छत पाहा. खालच्या मजल्यावर पाहुणे असतील तर हे अवघड जातं, म्हणून मजले बंद करताना एकाखालचा एक मजला मोकळा राहील असं हॉटेलशी आधीच ठरवून घ्या. आणि एकदा वॉटरप्रूफिंग झालं की त्या फरशीत कोणीही ड्रिल मारायचं नाही. काही फॅब्रिकेटर फिक्स (न उघडणाऱ्या) काचेचा क्लॅम्प फरशीत स्क्रूनं कसतात. तिथूनच पाणी मुरायला लागतं. फिक्स काच भिंतीतल्या क्लॅम्पवर किंवा चॅनेलमध्ये आणि वरच्या बारवर धरा, खाली फक्त सिलिकॉनवर टेकवा.

उंबरठ्याच्या पट्टीबद्दल सविस्तर लिहितो, कारण साइटवर याकडेच सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. शॉवरच्या आत फरशीला ढाळ असतो, साधारण ८० ला १. म्हणजे ९०० एमएममध्ये अकरा एमएम. दार या ढाळाच्या रेषेवर आलं तर दाराखालची फट एका टोकाला सहा एमएम आणि दुसऱ्या टोकाला पंधरा होते. पंधरा एमएमची फट बंद करणारं सील नसतं. म्हणून दार जिथे येणार तिथे ग्रॅनाइटची किंवा त्याच दगडाची पट्टी बसवायची. ती लांबीत तंतोतंत पाणसळीत हवी, रुंदीत मात्र आतल्या बाजूला दोन-तीन एमएम ढाळ देऊन. दाराला लागलेल्या सीलवरून ओघळलेला थेंब त्या ढाळानं आत परततो. पट्टी बसली की तिच्यावर लेव्हल ठेवून फोटो काढायचा आणि तो फोटो मापाच्या कार्डाला जोडायचा, असा नियमच करा. टाइलवाला मिस्त्री पहिल्या दोन खोल्यांत कुरकुर करेल, तिसऱ्यापासून स्वतःच लेव्हल लावेल.

डिझायनरला पट्टी नकोच असेल, सगळी फरशी एका पातळीत हवी असेल, तर तेही होतं. पण मग भिंतीलगतचं लांब चॅनेल, सगळा ढाळ एकाच दिशेला आणि दार त्या ढाळाला आडवं. टबच्या जुन्या जागेत एवढी खोली मिळते की नाही ते भरणी काढल्यावरच कळतं. तोवर शब्द देऊ नका.

भिंत. ७०० एमएम रुंद आणि २१०० उंच दार १० एमएम काचेत सुमारे ३७ किलोचं होतं. हिशोब सोपा आहे: एक चौरस मीटर काचेचं वजन एमएममागे अडीच किलो. हे ३७ किलो दोन बिजागऱ्यांवर दिवसातून कितीतरी वेळा हलणार. जुन्या वीटकामाची भिंत असेल तर चिंता कमी, फक्त स्क्रू टाइल आणि प्लास्टर ओलांडून विटेत नीट रुतला पाहिजे. पण नव्या आखणीत बाथरूमची भिंत हलवली असेल तर ती एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या ठोकळ्यांची) किंवा बोर्डाची असणार. एएसी ब्लॉकमध्ये नुसता नायलॉन प्लग मारून जड दार टांगलं तर भोक हळूहळू भुसभुशीत होतं. तिथे बिजागरीच्या उंचीवर काँक्रीटचे छोटे ठोकळे आधीच भरून घ्या. बोर्डाच्या भिंतीत मागे लोखंडी बॉक्स सेक्शन उभा करा. साधारणपणे बिजागऱ्या दाराच्या वरच्या आणि खालच्या टोकापासून २०० ते २५० एमएमवर येतात, पण ठोकळे भरण्याआधी निवडलेल्या बिजागरीचा कागद समोर ठेवून उंची पक्की करा.

टाइल चढायच्या आधी त्या भिंतीचा टेप लावून फोटो काढा. कुठे पाइप आहे, कुठे वायरचा कंड्युट, कुठे ठोकळा, हे नंतर ड्रिल मारणाऱ्याला त्या फोटोशिवाय कळायला मार्ग नाही. त्याहून चांगलं म्हणजे ज्या भिंतीत शॉवरचा डायव्हर्टर (पाणी रेन शॉवरला की हँड शॉवरला ते बदलणारा नॉब) आणि गरम-गार पाण्याचे पाइप आहेत, त्या भिंतीवर बिजागरी देऊच नका. दार समोरच्या भिंतीवर टांगा. कन्सील्ड पाइपला ड्रिल लागलं की नवी टाइल फोडावी लागते, आणि त्या छटेची टाइल तोवर संपलेली असते.

टाइलच्या मागे पोकळी नको हे कोणीही सांगेल, पण बिजागरीच्या जागी ती अजिबातच चालत नाही. अॅडहेसिव्हचे चार गोळे लावून चिकटवलेली मोठी टाइल स्क्रू आवळताना तडकते. माप घ्यायला गेलेल्या माणसानं बिजागरीच्या जागी बोटाच्या पेरानं टकटक करून पाहावं. पोकळ आवाज आला तर ती टाइल तिथेच बदलायला सांगावी.

आता रचना. टबची जागा साधारण १५०० ते १७०० लांब आणि ७०० ते ७५० रुंद असते. त्यात शॉवर बसवताना लांबीच्या बाजूला काच येते. सरळ उपाय म्हणजे शॉवरच्या बाजूला ९०० च्या आसपास फिक्स काच आणि उरलेल्या जागेत ७०० चं दार. दार बाहेर उघडणारं ठेवा. आत कोणी घसरून पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगावर अडतं आणि बाहेरच्याला मदतीला जाता येत नाही. ७०० चं दार बाहेर उघडताना कमोडला किंवा बेसिनच्या ग्रॅनाइटच्या कोपऱ्याला लागत असेल तर तिथे सरकतं दार घ्या. सरकत्या दाराची चाकं आणि खालचा गाइड साफ ठेवावा लागतो, त्यामुळे हाउसकीपिंगला ते फारसं आवडत नाही, पण दगडाच्या कोपऱ्यावर आपटणाऱ्या काचेपेक्षा ते कितीतरी बरं.

दार न लावता नुसती एक मोठी काच उभी करायची टूम सध्या जोरात आहे. दिसायला सुंदर, बिजागरी नाही, सील नाही, देखभाल सगळ्यात कमी. पण १६०० च्या जागेत हँड शॉवरचं पाणी बाहेर उडतंच, आणि एसीची गार हवा आंघोळ करणाऱ्याच्या पाठीवर येते. मोठ्या स्वीटमध्ये जागा असेल तर करा. टबच्या जागेत मी करणार नाही.

शॉवर सुरू करायचा नॉब कुठे आहे तेही पाहा. पाहुण्याला दारातून हात घालून नॉब फिरवता आला पाहिजे. शॉवरखालीच उभं राहून नॉब फिरवावा लागला तर पहिलं गार पाणी डोक्यावर पडतं. हे प्लंबिंगच्या टप्प्यावर फुकटात होतं, नंतर कितीही पैसे ओतून होत नाही. बॉडी जेटचं तोंडही दाराकडे नको. चौकटीशिवायचं काचेचं दार शिंतोडे अडवतं, अंगावर येणारा फवारा अडवत नाही.

जाडीचा प्रश्न. माझं मत: दार १० एमएम. ८ एमएम चालते, पण दार लावताना हलकी थरथर हाताला जाणवते आणि या दर्जाच्या हॉटेलात ती जाणवू नये. १२ एमएमचं तेच दार ४४ किलोचं होतं. बिजागऱ्यांची जोडी साधारण ४५-५० किलोपर्यंत घेते, म्हणजे तुम्ही पहिल्या दिवसापासून मर्यादेच्या काठावर. १२ एमएम हवीच असेल तर ती उंच फिक्स काचेला द्या किंवा दाराला तिसरी बिजागरी लावा. मात्र १००० बाय २४०० ची १२ एमएम काच ७२ किलो भरते. ती सर्व्हिस लिफ्टमध्ये उभी मावते का ते आधी मोजा. मावत नसेल तर चार माणसांनी जिन्यानं चढवायची, प्रत्येक वळणावर कोपरा सांभाळत, तेही पाहुण्यांच्या वेळा पाळून. २१०० च्या उंचीनं हा सगळा त्रास वाचत असेल तर २१०० च ठेवा.

हिरवट झाक टाळायची असेल तर कमी लोहाची, बाजारात जिला एक्स्ट्रा क्लिअर म्हणतात ती काच घ्यावी लागते. पांढऱ्या मार्बलसमोर साध्या काचेची कड शेवाळी दिसते, तिथे जादा पैसे सार्थकी लागतात. राखाडी किंवा गडद दगड असेल तर फरक फार जाणवत नाही. बजेट ताणलेलं असेल तर आधी चांगल्या बिजागऱ्यांवर खर्च करा, मग एक्स्ट्रा क्लिअरवर. बिजागरी भरीव पितळेची किंवा एसएस ३०४ स्टेनलेस स्टीलची घ्या. काळा किंवा सोनेरी रंग हवा असेल तर पीव्हीडी फिनिश (निर्वात कक्षात धातूवर चढवलेला पातळ, कठीण थर) मागा. पावडर कोटिंगचा काळा रंग हँडलच्या कडेनं टवका उडून उघडा पडतो. उभ्या रेघांची फ्लूटेड काच घेणार असाल तर रेघा बाहेरच्या बाजूला आणि सपाट बाजू पाण्याकडे ठेवा, नाहीतर त्या खाचांत बसलेला साबण निघता निघत नाही.

आता आपोआप फुटण्याची भीती. ती निराधार नाही. काच बनताना तिच्यात कधीकधी निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण राहून जातो. टफनिंगनंतर तो कण हळूहळू फुगतो, आणि तो पोटातल्या ताणाच्या थरात असला तर एके दिवशी, कोणी हातही न लावता, काच फुटते. महिन्यांनी फुटेल, काही वर्षांनीही फुटेल. यावर उपाय म्हणजे हीट सोक टेस्ट: टफन केलेली काच परत ओव्हनमध्ये सुमारे २६० अंशांवर काही तास धरून ठेवतात. ज्यांच्यात तो कण आहे त्यातल्या बहुतेक काचा तिथेच फुटतात आणि पाहुण्याच्या बाथरूमपर्यंत पोचत नाहीत. धोका शून्य होत नाही, पण खूप कमी होतो. हॉटेलसाठी प्रत्येक काच हीट सोक केलेली हवी हे ऑर्डरमध्ये लिहा आणि बॅचचं सर्टिफिकेट मागा. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात आयएस २५५३ भाग १ चा आयएसआय शिक्का हवा. शिक्का नसलेली काच ट्रकमधून उतरवूनच घेऊ नका.

तरीही ‘आपोआप’ फुटलेल्या काचांमागे बहुतेक वेळा निकेल सल्फाइड नसतं. टफन्ड काचेच्या पोटावर मूठ मारा, काही होत नाही. तिचा कोपरा मात्र व्हिट्रिफाइड टाइलवर हलकेच टेकला तरी तिचे खडे होतात. चढवताना कडेला लागलेला छोटासा टवका, बिजागरीत काच आणि धातू यांच्या मध्ये घालायची गॅस्केट सरकलेली किंवा घातलेलीच नाही, एका बाजूचा स्क्रू जास्त आवळलेला, दार उघडल्यावर हँडल भिंतीला लागतं पण स्टॉपर नाही: खरी कारणं ही असतात. काच उतरल्यावर चारही कडांवरून, हातमोजा घालून, बोट फिरवा. टवका लागला तर काच परत. फुटलेल्या काचेतून कारण शोधायचं असेल तर तुकडे झाडायच्या आधी फोटो काढा. निकेल सल्फाइड असेल तर फुटण्याची सुरुवात काचेच्या मधल्या भागात कुठेतरी असते आणि तिथे फुलपाखराच्या पंखांसारखे दोन मोठे तुकडे शेजारी शेजारी दिसतात. सुरुवात कडेला किंवा बिजागरीच्या खाचेजवळ असेल तर बसवणाऱ्याशी बोला.

स्वीटमध्ये, जिथे काच खूप उंच आहे किंवा झोपायच्या खोलीची आणि बाथरूमची मधली भिंतच काचेची आहे, तिथे टफन्ड लॅमिनेटेड (दोन काचांमध्ये प्लास्टिकचा चिकट थर असलेली) घ्या. फुटली तरी मधल्या थराला चिकटून उभी राहते. तिची उघडी कड सतत पाण्यात राहिली तर थर कडेनं सुटायला लागतो, म्हणून खालची कड पट्टीवर साचलेल्या पाण्यात राहणार नाही याची काळजी घ्या.

सिलिकॉन न्यूट्रल क्युअर (सुकताना आम्ल न सोडणारं) आणि बुरशीरोधक घ्या. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते आम्लधर्मी असतं, ते मार्बलला आणि आरशाच्या पाठीला खातं. मारल्यावर निदान २४ तास पाणी नाही.

पाण्याबद्दल लिहिल्याशिवाय पुण्यातलं हे उत्तर पुरं होत नाही. खडकवासला धरणाचं पाणी काचेला फारसा त्रास देत नाही. पण उन्हाळ्यात हॉटेल बोअर आणि टँकरवर येतं, आणि आपल्या बेसॉल्टमधून आलेलं बोअरचं पाणी कठीण असतं. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० मध्ये कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि पर्याय नसेल तर ६०० पर्यंत सूट आहे. पण पिण्यायोग्य पाणी काचेला मानवेलच असं नाही. दीडशे-दोनशेच्या पाण्यानंही थेंब वाळले की पांढरे ठिपके उरतात, गरम पाण्यानं अधिक. ते वेळेवर पुसले नाहीत तर काचेला असे धरतात की शेवटी सिरियम ऑक्साइडनं पॉलिश करावं लागतं. तेव्हा आधी प्रयोगशाळेतून पाण्याची तपासणी करा, बोअर आणि टँकर वेगवेगळे, आणि खोल्यांच्या लाइनवर सॉफ्टनर (पाण्याचा कठीणपणा काढणारं यंत्र) बसवा. पाणी झटकणारं कोटिंग काचेवर मारता येतं आणि मी ते मारायला सांगतो, पण ते काही वर्षांत झिजतं आणि सॉफ्टनरची जागा घेऊ शकत नाही.

हाउसकीपिंगच्या प्रमुख बाईंना मॉक-अप म्हणजे नमुन्याच्या खोलीच्या वेळीच बोलवा. काच रोज कोण पुसणार, खोली तयार करायच्या वेळेत ते बसतं का, वायपर कुठे टांगायचा, हे त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही. काचेला आर-थ्री, बाथरूमला आर-वन अशी बाटल्यांची शिस्त त्यांच्याकडे असते. डाग निघत नाही म्हणून कोणी कमोडची आर-सिक्स काचेवर मारली तर तिच्यातलं आम्ल बिजागरीचं फिनिश घालवतं आणि खाली ओघळून मार्बलची चमक मारतं. पट्टी मार्बलची असेल तर लिंबूफूल आणि व्हिनेगरसुद्धा बंद. तारेच्या घासणीचा चोथा तर ट्रॉलीवर असताच कामा नये.

मॉक-अप खोली नावापुरती करू नका. एक खोली शेवटच्या टॉवेल रॉडपर्यंत पूर्ण करा. बाहेरच्या फरशीवर वर्तमानपत्राचे कोरडे कागद अंथरा, दार लावा आणि रेन शॉवर, हँड शॉवर सगळं एकदम वीस मिनिटं चालू ठेवा. एका उंच माणसाला आत उभं करा, कारण खांद्यावरून उडणारं पाणी नुसत्या शॉवरनं कळत नाही. कागद कुठे भिजला त्यावरून सील, पट्टी की शॉवरची जागा, काय बदलायचं ते लगेच कळतं. तिथे बदल पक्के झाल्याशिवाय दुसऱ्या खोलीची टाइल लावू देऊ नका.

आणि आता दाराची सोय. मॉक-अप पास झाल्यावर दाराचं माप सगळ्या खोल्यांसाठी एकच ठरवून टाका: तीच रुंदी, तीच उंची, खाचा त्याच जागी. भिंतींचा कल, रुंदीतला फरक, सगळं फिक्स काचेत खाऊन टाका. ती काच भट्टीत जायच्या आधी भिंतीच्या कलाप्रमाणे एका बाजूनं तिरकी कापता येते. त्यासाठी टाइलवाल्या मिस्त्रीला एकच अट घाला: बिजागरीची भिंत पट्टीपासून वर २१०० पर्यंत ओळंब्यात हवी, दोन एमएमच्या पलीकडे फरक नको. दुसरी भिंत थोडी इकडे-तिकडे चालेल. मग दारं एकदम मागवता येतात, कॉन्ट्रॅक्टरला त्याचा दर मिळतो, आणि फिक्स काचा तेवढ्या खोलीचं माप घेऊन येतात. मात्र डाव्या आणि उजव्या हाताच्या खोल्या मोजून घ्या, एक दार दोन्हीकडे चालतं की नाही ते तुमच्या हँडलच्या आणि खाचांच्या जागेवर अवलंबून आहे.

यातला मोठा फायदा हॉटेल सुरू झाल्यावर दिसतो. रात्री अकराला एखाद्या खोलीतलं दार फुटलं तर स्टोअरमधून तयार दार काढून सकाळी बसवता येतं आणि ती खोली दहा दिवस बंद राहत नाही. दोन-तीन दारं, बिजागऱ्यांच्या काही जोड्या आणि वर्षभराचे सील याच ऑर्डरमध्ये जादा घ्या. दारं उभी, खाली लाकूड आणि रबर घालून, भिंतीला टेकवून ठेवा, आडवी रचू नका. फिक्स काचेचा जादा नग ठेवता येत नाही, म्हणून प्रत्येक खोलीचं मापाचं कार्ड इंजिनिअरिंगच्या फाइलमध्ये आणि प्रोसेसरकडे, दोन्हीकडे राहू द्या. त्यावरून फोनवर ऑर्डर देता आली पाहिजे.